रिव्हर्स घेताना उघडं दार गेटच्या खांबाला अडकून उलटं वाकलं : ठोकून घ्यावं की बदलावं?

दुधनाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आम्ही परभणीचे. गाडी पेट्रोल हॅचबॅक, सहा वर्षांची, रंग करडा मेटॅलिक. परवा भाचा गाडी घराबाहेर काढत होता. आमच्या गेटसमोर नाली आहे, तिच्यावर सिमेंटचा उतार केलाय आणि तो गेटच्या थोडा एका अंगाला सरकलेला आहे. मागचं चाक नालीत जाईल या धास्तीनं त्यानं ड्रायव्हरचं दार अर्धं उघडं ठेवलं आणि बाहेर वाकून मागं बघत गाडी घेत होता. दाराची कड गेटच्या लोखंडी खांबाला टेकली, गाडी मागं जातच राहिली आणि दार पुढच्या दिशेनं उलटं ओढलं गेलं. कोणाला लागलं नाही, तेवढं बरं झालं.

आताची अवस्था अशी. दार बंद होत नाही. दारातलं लॉक समोरच्या हुकाच्या बोटभर खाली येतंय. दाराची पुढची कड फेंडरमध्ये (पुढच्या चाकावरच्या पत्र्यात) शिरून फेंडरचा मागचा काठ मुडपलाय. दार उघडल्यावर अर्ध्यात थांबायचं, तो स्टॉपर तुटलाय की निसटलाय, कळत नाही. काच खाली जाते, वर येताना मध्येच अडकते. बाहेरच्या पत्र्याला पोचा तसा मोठा नाही, पण हँडलच्या खालून एक लांब घडी पडलीय.

दोन ठिकाणी दाखवलं. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दार, दोन्ही बिजागऱ्या, फेंडर सगळं नवीन टाकायला सांगितलं. आमच्या भागातले एक डेंटर म्हणाले, लाकडाचा ठोकळा लावून दाबतो, तासाभरात बसतं. दोघांच्या सांगण्यात इतका फरक आहे की ठरवावं कशावर? विम्यातून करावं का? आईला ठरावीक दिवसांनी नांदेडला दवाखान्यात न्यावं लागतं, गाडी फार काळ उभी ठेवता येणार नाही. पण कशीबशी बांधलेली गाडी घेऊन तिला न्यायची माझी तयारी नाही. जाणकारांनी जरा नीट सांगावं.

वाळूजचा_प्रेसशॉपवाला

सगळ्यात आधी एक गोष्ट : ते दार आपटून बंद करायचा प्रयत्न कुणालाही करू देऊ नका. लॉक हुकाच्या खाली येत असताना दार आपटलं की लॉकचा जबडा हुकावर आदळतो, दोन्ही खराब होतात आणि बिजागरीला पुन्हा हिसका बसतो. तूर्त कपड्याची घडी मध्ये घालून दोरीनं बांधा आणि गाडी हलवू नका.

मी वाळूज एमआयडीसीत दारांचे पत्रे दाबण्याच्या कामात आहे, म्हणून दार आतून कसं असतं ते सांगतो. मग कुठं बघायचं ते आपोआप कळेल. बाहेरून दिसतो तो पत्रा साधारण पाऊण मिलिमीटरचा, त्याहून किंचित कमीच. तो फक्त रूप देतो. त्याच्या आत दुसरा दाबलेला पत्रा असतो, तोच दाराचा सांगाडा. बाहेरच्या पत्र्याची कड आतल्या पत्र्यावर दुमडून दोन्ही एकत्र केलेले असतात. बिजागऱ्या जिथं बसतात, तिथं आतून जाड पत्र्याचं अस्तर असतं, कारण सगळ्या दाराचं वजन तिथं टांगलेलं असतं. आणि दाराच्या पोटात आडवी एक पट्टी किंवा नळी असते, बाजूनं धडक बसली तर आत येणारी गाडी अडवण्यासाठी.

तुमच्या दाराला मार समोरून बसलेला नाही, ते उलटं उघडलंय. म्हणजे जोर पत्र्यावर न येता स्टॉपर, बिजागऱ्या आणि बिजागरीच्या मागचा पिलर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातला उभा खांब, यांच्यावर आला. पत्र्यावरची घडी हा त्यातला सर्वांत किरकोळ भाग. बहुतेक लोक तिथूनच सुरुवात करतात आणि फसतात.

आता घरीच बघता येईल असं सांगतो. दार पूर्ण उघडा, खालून एकानं आधार द्या. बिजागरी पिलरला जिथं बोल्टनं बसते, तिथं उजेड धरून रंग बघा. रंग तडकलाय का? पिलरच्या सांध्यावर जो रबरासारखा भराव असतो, तो फाटलाय का? रंग पत्र्याइतका लवचीक नसतो. खालचा पत्रा हलला की तो आधी चिरतो. मग दाराची मागची कड दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. बिजागरीत खडखड झाली तर पिन सैल झाली. खडखड नाही पण दार खाली आहे, तर बिजागरीची पात किंवा पिलर वाकलाय. शेवटी मोजपट्टी घ्या आणि दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, वरच्या पुढच्या कोपऱ्यापासून खालच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत आणि उलटे. तीच मापं डाव्या बाजूच्या चौकटीची घ्या. आपली दुसरी बाजू हाच आपला नकाशा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक मोजण्यातला समजा, त्याहून जास्त असेल तर चौकट हललीय.

नांदेड_डेंटिंग

राम राम. वाळूजवाल्यांनी बरोबर सांगितलंय. हातोडी हातात धरून उमर गेली आपली, म्हणून दोन गोष्टी अजून सांगतो.

ठोकळा लावून दार दाबणं चुकीचंच आहे असं नाही. कब्जा, म्हंजे बिजागरी, जरासाच झुकला असंल तर आम्हीबी करतो. पण ठोकळा लावला की जे सगळ्यात नरम हाय ते वाकतं; जे वाकलंय तेच परत सरळ होतं असं नाही. तुमचा कब्जा वाकलाय आन् तुम्ही दार दाबलं, तर कब्जा तसाच राहतो, दाराची पुढची कड आतून मुडपती. मग दार बसल्यासारखं दिसतंय, लॉकबी लागतंय, आन् महिन्याभरानं परत खाली उतरतंय. तवर पैसे दिलेले असतात.

म्हणून आधी बघायचं की तिघांपैकी वाकलंय काय : कब्जा, पिलर का दाराचा सांगाडा. कब्जा वाकला तर बदलायचा, त्याला ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडायचं नाही. त्याची किंमत दाराच्या मानानं काहीच नाही. पिलरचा पत्रा जरासा ओढला असंल तर तो ओढून जागेवर येतो, आम्ही कब्जा बोल्टनं घट्ट लावून त्यालाच धरून हळूहळू ओढतो, दर खेपंला माप घेत. दाराचा सांगाडा पुढच्या कडंला मुडपला असंल तर मात्र दार गेलं समजा.

आन् एक. कब्जा खोलायच्या आधी त्याच्या चारी बाजूनं खुणा करून घ्यायच्या, मार्करनं नाहीतर टोच्यानं. ज्यांनी खुणा न करता खोललं, ते नंतर दिवसभर दार वर-खाली करत बसतात.

फोटो टाका. नाहीतर काय दिसायलंय ते लिहा सविस्तर.

दुधनाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी उन्हं चढायच्या आत सगळं बघितलं.

वरच्या बिजागरीची दारावर बसणारी पात स्पष्ट वाकलीय. डाव्या दाराची पात बघितली तर ती सपाट आहे, हिला मधोमध बाक आलाय. खालची बिजागरी मला तरी सरळ वाटली. पिलरवर वरच्या बिजागरीच्या खालच्या बोल्टाभोवती रंगाला बारीक चिरा आहेत, नख फिरवलं तर जाणवतात. एका ठिकाणी रंगाची कपची उडून खालचं पांढरट प्रायमर दिसतंय. खालच्या बिजागरीपाशी रंग अखंड आहे. स्टॉपरचा पिलरकडचा कान फाटलाय, म्हणजे बोल्ट जागेवर आहे पण त्याच्याभोवतीचा पत्रा उलगडलाय.

दार हलवून बघितलं, खडखड नाही. चौकटीचे कर्ण डाव्या बाजूशी जुळतात, फरक मोजपट्टीच्या जाडीत जाईल इतकाच. दाराचं आतलं प्लास्टिक काढायची हिंमत केली नाही. पण दाराच्या पुढच्या कडेवर, बिजागऱ्यांच्या मध्ये, पत्र्याला एक आडवी लाट आलीय, त्यावर बोट ठेवलं की कळते. काच बहुधा त्यामुळेच अडकत असावी.

नांदेड_डेंटिंग

एकदम साफ सांगितलंत. चौकट जागेवर हाय, ही मोठी गोष्ट. पिलर वरच्या कब्ज्यापाशी थोडासा ओढलाय, तो येतो जागेवर. वरचा कब्जा बदला, आन् वरचा बदलताना खालचाबी बदला, जोडी सारखी राहती. स्टॉपरचा कान वेल्डिंग करून घ्यावा लागंल, पण तिथं गॅसचं वेल्डिंग करू देऊ नका, पत्रा सगळा तापून नरम पडतो. सीओटूचं (विजेनं, तार वितळवून) वेल्डिंग करणाऱ्याकडं जा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा, हे सांगावं लागू नये पण सांगतो.

पुढच्या कडेवर लाट आलीय म्हणताव, तिथं दाराचा सांगाडा हाय. मी असतो तर ते दार ठोकलं नसतं. ती लाट काढता येती, पण आतल्या अस्तरासकट सरळ व्हायला पायजे. वरवर सरळ दिसली आन् आत बाक राहिला तर काच कायम घासणार.

वाळूजचा_प्रेसशॉपवाला

सहमत. एक भर घालतो, कारण ती जिवाची गोष्ट आहे. दार ठोकायचं ठरलं तर आतल्या आडव्या पट्टीला कुणी गॅसची बत्ती लावू नये. ही पट्टी बऱ्याचदा हॉट स्टॅम्पिंगनं केलेली असते : पोलाद साधारण ९०० अंशांवर तापवून साच्यात दाबतात आणि साच्यातच झपाट्यानं थंड करतात. त्यानं तिची ताकद १५०० मेगापास्कलच्या घरात जाते, बाहेरच्या पत्र्याच्या कितीतरी पट. पुन्हा तापवली की ती ताकद गेली, आणि बाहेरून बघून कुणाला कळणारही नाही. वाकली असेल तर ठोकून सरळ करणं हाही उपाय नाही, दारच बदलायचं.

आपल्याकडं बाजूच्या धडकेची चाचणी, एआयएस-०९९, १ ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून चालू मॉडेलनाही सक्तीची झाली. ताशी ५० किलोमीटरनं येणारा अडथळा बाजूवर आदळवून ती घेतात. त्या चाचणीत दार, लॉक, बिजागरी आणि पिलर मिळून काम करतात. म्हणून दार नुसतं बंद होतंय म्हणजे झालं, असं मी कधीच मानत नाही. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा सेन्सर दाराच्या पोटातच असतो. तुमच्या गाडीत आहे का ते वर्कशॉपला विचारून घ्या, आणि असला तर बॅटरी काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय कुणाला दार खोलू देऊ नका.

हिशेबी_लातूरकर

विम्याचा भाग मी घेतो, तिकडं कुणी वळलेलं दिसत नाही.

पहिलं, पॉलिसी कोणती आहे ते बघा. नुसती थर्ड पार्टी असेल तर आपल्या गाडीचं काहीच मिळत नाही. ओन डॅमेज असेल तर मिळतं, पण सहा वर्षांच्या गाडीला घसारा लागतो. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या लोखंडी भागांवर ४० टक्के, रबर-प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के, काचेवर घसारा नाही. रंगकामात मटेरियलच्या खर्चावर ५० टक्के. मजुरी पूर्ण धरतात. समजा दाराचा नुसता भाग १०,००० रुपयांचा असेल तर विम्यातून ६,००० येतील. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यामागं १,००० रुपये आपले आपण भरायचेच असतात, त्यावरच्या गाडीला २,०००. बंपर टू बंपर घेतलेलं असेल तर घसारा लागत नाही, पण जुन्या गाड्यांना ते सगळ्या कंपन्या देत नाहीत, तुमची पॉलिसी काढून बघा.

दुसरं, नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यात मिळणारी टक्केवारीची सूट. हा हिशेब लोक करतच नाहीत. बोनस २०, २५, ३५, ४५, ५० असा चढत जातो आणि दावा केला की शून्यावर येतो. तुमचा आता ५० टक्के असेल, आणि बोनस वजा न करता ओन डॅमेजचा हप्ता ६,००० रुपये असेल, तर यंदा तुम्ही ३,००० भरताय. दावा केल्यावर पुढच्या वर्षी ६,००० भराल, त्याच्या पुढच्या वर्षी ४,८००, मग ४,५००, ३,९००, ३,३००, आणि मग परत ३,०००. हप्ता तोच राहील असं धरलं तर पाच वर्षांत ७,५०० रुपये जादा गेले. दाव्यातून हातात येणारी रक्कम यापेक्षा बरीच मोठी असेल तरच दावा करावा. बोनस सुरक्षित ठेवणारी जोड पॉलिसीत घेतली असेल तर गोष्ट वेगळी.

तिसरं, दावा करायचा असेल तर गाडी खोलायच्या आधी कंपनीला कळवा. खोललेली गाडी दाखवली की भांडण सुरू. आणि झालं तसंच लिहा : घराच्या गेटमधून मागं घेताना उघडं दार खांबाला अडकलं. पार्किंगमध्ये उभ्या गाडीला कुणीतरी ठोकलं वगैरे रचून सांगायला कुणी सुचवलं तर ऐकू नका. मार कुठल्या दिशेनं बसलाय हे सर्व्हेअरला बिजागरी बघून कळतं. चालवणाऱ्याचं लायसन्स चालू पाहिजे, भाच्याचं आहे ना? गेटच्या खांबाचा खर्च मात्र मिळणार नाही, कारण तो तुमचाच. शेजाऱ्याचा खांब असता तर थर्ड पार्टीतून मागता आला असता.

दुधनाकाठ

लायसन्स आहे, दोन वर्षांपूर्वीच काढलंय. बंपर टू बंपर नाही. तुमच्या पद्धतीनं हिशेब मांडून बघतो. इतकं फोड करून मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

बीड_बायपास

मी वेगळं सुचवतो. नवीन दार कशाला? जुन्या गाड्या खोलणाऱ्यांकडं त्याच मॉडेलचं अखंड दार मिळतं, काचेसकट. नशीब असेल तर त्याच रंगाचं. आमच्या गाडीला मी असंच बसवलंय, कुणाला सांगूनही पटत नाही. फक्त बघून घ्या : दाराच्या खालच्या दुमडीत गंज नको, पुढच्या कडेवर वेल्डिंगचा माग नको, आणि वायरिंगचं सॉकेट तुमच्या गाडीसारखं पाहिजे. एकाच मॉडेलच्या खालच्या आणि वरच्या व्हेरियंटमध्ये पिना वेगळ्या असतात. पॉवर विंडो असलेल्या गाडीला साध्या काचेचं दार आणून बसवलं की मोटर, स्विच, सगळं जुन्यातून काढून घालावं लागतं. चुंबक घेऊन जा. पुट्टी भरलेली असेल तिथं तो नीट चिकटत नाही.

वाळूजचा_प्रेसशॉपवाला

बीड बायपास, पर्याय चांगला आहे, मी नाही म्हणणार नाही. एकच अट : दार कुठल्या गाडीतून निघालं ते विचारा, आणि पावती घ्या. बाजूनं ठोकर बसलेल्या गाडीचं दार नको, पुढून किंवा मागून गेलेल्या गाडीचं असावं. आतलं प्लास्टिक काढून आडवी पट्टी डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

माजलगावची_मी

मी कारागीर नाही, पण हे दुखणं भोगलंय म्हणून लिहिते. आमच्या गाडीचं मागचं दार असंच दुरुस्त करून आणलं. दिसायला अगदी नवीन. पहिल्या मोठ्या पावसात पायाखालची मॅट ओली. दुसऱ्या पावसात गालिचाखाली पाणी, मग आठवडाभर कुबट वास. सगळे म्हणायचे रबर खराब झालंय. रबर बदललं तरी तेच.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी आतलं प्लास्टिक काढलं आणि दाखवलं. दाराच्या आतल्या पत्र्यावर एक पातळ प्लास्टिकचा पडदा चिकट गोंदानं लावलेला असतो. काचेवरून दाराच्या पोटात पाणी येतंच, ते त्या पडद्यामुळं गाडीत न येता खालच्या भोकांतून बाहेर पडतं. आमच्या दाराचा पडदा दुरुस्ती करताना फाडला होता आणि तसाच लोंबत ठेवला होता. शिवाय दाराच्या खालच्या कडेची दोन भोकं रंगकामाच्या भरावानं बुजलेली. म्हणजे पाणी आत साचायचं आणि फाटलेल्या जागेतून गाडीत यायचं.

तेव्हा गाडी ताब्यात घेताना खाली वाकून दाराच्या तळाची भोकं मोकळी आहेत का ते बोट लावून बघा. आणि आपल्याकडं उन्हाळ्यात दुरुस्ती झाली की पाणी गळतंय हे पावसाळ्यापर्यंत कळतच नाही, तोवर दुकानदार ओळख दाखवत नाही. म्हणून तिथंच पाइपनं पाणी मारून घ्या, वरून खाली, पाच-दहा मिनिटं, आणि आत एक माणूस बसवा.

लातूरचा_स्प्रे

माजलगावच्या ताईंनी लाख मोलाचं सांगितलं. भोकं बुजवणं हा रंगकाम करणाऱ्यांचा आळस, दुसरं काही नाही. भराव लावायच्या आधी भोकात काडी खोचून ठेवायची, एवढंच तर असतं.

आता रंगाचं बघू. करडा मेटॅलिक म्हणालात. हा अवघड रंग. पांढऱ्या साध्या रंगाला दार तेवढंच मारलं तरी चालून जातं. मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात, ते कसे बसतात त्यावर छटा ठरते. बंदुकीचा दाब, अंतर, थिनर, ऊन, सगळ्यानं ती बदलते. रंगाचा कोड तोच असला तरी सहा वर्षं आपल्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग आणि डब्यातला रंग सारखा येत नाही. म्हणून दार पूर्ण मारायचं, फेंडर तर मारावाच लागणार आहे, आणि मागच्या दारावर रंग निम्म्यापर्यंत विरत न्यायचा, वरून लॅकर, म्हणजे पारदर्शक चकाकीचा थर, मात्र मागच्या दाराला पूर्ण. असं केलं तर डोळ्याला जोड सापडत नाही. मागचं दार कशाला मारताय म्हणून गिऱ्हाईक भांडतं, पण ते न मारल्यामुळंच दोन दारं दोन गाड्यांची दिसतात.

पुट्टीचं सांगतो. फेंडरचा काठ ठोकून सरळ करा, पुट्टीनं घडवू नका. पुट्टी दोन-तीन मिलिमीटरच्या वर गेली की आपल्या हवेत टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये पत्रा उन्हात हात लावू नये इतका तापतो आणि रात्री निवतो, त्या फुगण्या-आकसण्यात जाड पुट्टी कडेनं सुटते. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, मग पुट्टी घासून झाल्यावर सरफेसर (रंगाआधीचा गुळगुळीत करणारा थर). घासताना ८० नंबरच्या कागदावरून एकदम ४०० वर उडी मारणाऱ्याचं काम महिन्यानं दिसतं, ओरखडे रंगातून वर येतात. ८०, मग १८०, मग ३२०, मग सरफेसरवर ६०० किंवा ८०० पाणी लावून, असं क्रमानं.

बूथ (रंगकामाची बंद खोली) असलेल्या ठिकाणी मारून घेता आलं तर उत्तम. तिथं ६० अंशांवर अर्धा-एक तास भाजून काढतात. रस्त्याकडेला मारणार असाल तर सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत. दुपारी आपल्याकडं धूळ उठते, ती लॅकरमध्ये बसली की पॉलिश करून किती काढणार? पावसाळी दमट हवेत जलद वाळणारं थिनर वापरलं तर रंगावर पांढुरकी छटा येते, तेव्हा थिनर हवेप्रमाणं पाहिजे.

एक उलटा प्रश्न. घडी पडलेल्या पत्र्यावर तुम्ही बोटानं दाबलं तर तो आत-बाहेर होतो का?

दुधनाकाठ

होतो. हँडलच्या खाली दाबलं की डब्याच्या झाकणासारखा टक् करून आत जातो आणि सोडला की बाहेर.

लातूरचा_स्प्रे

म्हणजे पत्रा ताणलाय. ताणलेला पत्रा ठोकून बसत नाही, त्याला ठिकठिकाणी तापवून ओल्या फडक्यानं आकसवावं लागतं. हात बसलेला माणूस करतो, पण पातळ पत्र्यावर जोखीम आहे. रंग न मारता नुसता डेंट काढणारेही अशा घडीला हात लावत नाहीत. त्यांचं काम गोल, उथळ पोच्याचं, रंग न तडकलेल्या. सांगाड्याला लाट, पत्रा ताणलेला, काच अडकतेय. दार बदला, माझंही मत नांदेडवाल्यांसारखंच.

हिशेबी_लातूरकर

विम्यात जाणार असाल तर नवीन दार, खिशातून करणार असाल तर बीड बायपास म्हणतात तसं जुनं दार. जुन्या दाराला विमा कंपनी पैसे देत नाही, हे आधी लक्षात घ्या.

दुधनाकाठ

मंडळी, काम झालं. मध्ये बरेच दिवस लिहिता आलं नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

हिशेब मांडला. बोनस ५० टक्क्यांवर होता. नवीन दार, बिजागऱ्या, रंग धरून विम्यातून घसारा वजा जाता जे मिळणार होतं, त्यातून बोनसचं नुकसान काढलं तर फार थोडं उरत होतं. म्हणून दावा केला नाही. छत्रपती संभाजीनगरला एका ओळखीच्याकडून त्याच मॉडेलचं दार मिळालं, मागून धडक बसलेल्या गाडीचं. रंग वेगळा होता, पण कड, दुमड, आडवी पट्टी, सगळं आतलं प्लास्टिक काढून बघितलं. वायरिंगचं सॉकेट जुळलं. पावती घेतली.

काम नांदेडलाच करून घेतलं, आईच्या दवाखान्याच्या फेरीला जोडून. पिलर ओढताना मी शेजारी उभा होतो. मिस्त्रींनी जुनं दार उतरवलं, खाली जॅकवर गादी ठेवून त्यावर टेकवूनच बोल्ट सोडले, त्यामुळं वायरीवर ताण आला नाही. मग नवी बिजागरी नुसती पिलरला लावली, तिला साखळी अडकवली आणि थोडं ओढून सोडायचे, माप घ्यायचे, पुन्हा ओढायचे. पत्रा ओढून सोडला की जरासा परत जातो, तेवढं धरूनच ओढावं लागतं, असं ते म्हणाले. घाई अजिबात केली नाही. चिरा पडलेला रंग खरवडून तिथं प्रायमर आणि सांध्याचा भराव नव्यानं भरला. स्टॉपरच्या कानाला आतून पट्टी देऊन वेल्डिंग केलं.

दार टांगताना आधी बिजागरीनं उंची आणि पुढची फट जुळवली, लॉकच्या हुकाला शेवटी हात लावला. मी विचारलं, हुक खाली घेतला तर लगेच बसेल ना? ते म्हणाले, हुकानं दार उचलायचं नसतं, दार मोकळं सोडल्यावर आपोआप हुकाच्या मधोमध आलं पायजे. हुक काढून ठेवूनच त्यांनी फटी जुळवल्या, मग हुक लावला. आता दार एका बोटानं ढकललं तरी दोन टप्प्यांत लागतं, पहिली खट आणि दुसरी खट वेगळी ऐकू येते. पाइपनं पाणी मारून घेतलं, आत कोरडं. तळाची भोकं मोकळी. रंग मागच्या दारावर विरत नेलाय. उन्हात तिरकं बघूनही मला जोड दिसला नाही.

नांदेड_डेंटिंग

मस्त. हुक काढून फटी जुळवणारा मिस्त्री भेटला म्हणजे माणूस जाणता हाय.

परळी_बांधकाम

गाडीचं झालं, आता गेटचं करून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी दुसरं दार. नालीवरचा उतार गेटच्या मधल्या रेषेत आणि गेटपेक्षा दोन्ही बाजूंना किमान एक-एक फूट रुंद पाहिजे. तुमचा सरकलाय, तेवढ्या भागात नालीवर आरसीसी स्लॅब वाढवून घ्या. स्लॅबमध्ये उचलता येईल असं एक झाकण ठेवा, नाहीतर नगरपालिकेचे लोक नाली साफ करायला येतील तेव्हा फोडतील. उताराच्या कडा पांढऱ्या रंगवा, म्हणजे आरशात दिसतात. चाक नालीत जाण्याची भीती गेली की दार उघडून बघायची गरज राहत नाही. खालच्या कडा दिसाव्यात म्हणून बाजूचा आरसा थोडा खाली वळवून घ्यायचा, हे भाच्याला उतारावर नेऊन एकदा प्रत्यक्ष दाखवा.

दुधनाकाठ

स्लॅबचं काम दिवाळीनंतर घेतोय. तोवर गाडी काढताना घरातलं एक माणूस मागं उभं राहतं. नांदेडवाले, बिजागरीचे बोल्ट पुन्हा आवळायला आणू का? मिस्त्री काही बोलले नाहीत.

नांदेड_डेंटिंग

महिनाभर चालवा, मग आणा. नवा कब्जा जागा धरतो तेव्हा बोल्ट जरासा ढिला पडू शकतो, पान्यानं बघून घेतो, दोन मिनिटांचं काम. आन् येताना दाराच्या खालच्या दुमडीत आतून मेण मारून घेऊ. जुनं दार हाय, पावसाळा यायच्या आधी ते झालेलं बरं.